टेबलावर छान चालणारं बटण आजीच्या मनगटावर गेलं की मुकं होतं, असं का?

आजीची_नात (इंदूर)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. आमचं घर रामबागेत, जुनं, दीड फुटी भिंतींचं, पुढे ओसरी, मधे माजघर, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला तुळस नि न्हाणीघर. आजी ८३ वर्षांची आहे. मार्चमध्ये ती मागच्या अंगणात घसरून पडली आणि पाऊण तास तशीच पडून होती, हाका मारत होती, पण पुढे टीव्ही चालू, मिक्सर चालू, कामवाल्या मावशींना काही ऐकूच गेलं नाही. हाड मोडलं नाही एवढंच. त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवत नाहीये.

म्हणून मी एक बटण केलं. नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ५२८३२ या ब्लूटूथ चिपचा छोटा बोर्ड, त्यावर चिप अँटेना, नाण्यासारखा सीआर२०३२ सेल, आणि हे सगळं घड्याळाच्या पट्ट्यात बसवलेल्या डबीत. दर सेकंदाला ब्लूटूथचं एक पॅकेट सुटतं, माजघरातल्या फळीवर ईएसपी३२ नावाचा वायफाय-ब्लूटूथ बोर्ड ऐकत बसतो, बटण दाबलं की घंटा वाजते आणि आम्हा तिघींच्या फोनवर मेसेज येतो.

टेबलावर सगळं मस्त. स्टूल नेऊन तुळशीपाशी ठेवलं तरी -७२ डीबीएम सिग्नल (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या जोराचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). तेच आजीच्या मनगटावर बांधलं तर त्याच जागी -८७, आणि ती तुळशीकडे तोंड करून, म्हणजे घराकडे पाठ करून वाकली की सिग्नल गायब, पॅकेटच येत नाही! सेल बदलला, दुसरा बोर्ड लावला, पॉवर ० वरून +४ डीबीएम केली, चार डीबी वाढले तेवढेच. माझ्या हातावरही तसंच होतं. म्हणजे आजीचा दोष नाही, बोर्डाचा नाही, मग कोणाचा?

जीरावन (इंदूर)

ताई आधी आजी बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. मला वाटतं जुन्या भिंतींचा प्रॉब्लेम असेल, आमच्या मल्हारगंजच्या घरात वायफायपण दुसऱ्या खोलीत जात नाही. जेल रोडला रिपीटर मिळून जाईल.

आजीची_नात

दादा भिंत तर स्टुलावर ठेवलं तेव्हाही तीच होती ना? तेव्हा -७२ येत होतं.

तरंगलांबी (बडोदा, मूळ इंदूर)

ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि प्रश्न शंभर टक्के शरीराचा आहे. मी याच कामात आहे, म्हणून नीट सांगतो.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, हवेत त्याची तरंगलांबी साधारण १२ सेंटीमीटर. तुमच्या बोर्डावरची अँटेना हवेत असताना त्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेली आहे. आता स्नायू काय आहे, तर बहुतांश खारट पाणी. या फ्रिक्वेन्सीला स्नायूची परमिटिव्हिटी ५२-५३ च्या आसपास, कोरड्या त्वचेची ३८ च्या आसपास, आणि चरबीची फक्त ५ च्या थोडी वर, कारण चरबीत पाणी कमी. परमिटिव्हिटी म्हणजे सोप्या भाषेत तो पदार्थ विद्युत क्षेत्राला किती धरून ठेवतो ते. ती वाढली की लहर आखडते, १२ सेंटीमीटरची लहर स्नायूत पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास येते. अँटेना शरीरात शिरत नाही, पण तिच्या भोवतालचं क्षेत्र शिरतं, त्यामुळे तिला ती आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखं वाटतं आणि तिचा सूर खाली उतरतो. २४५० ला वाजणारी तार २३०० ला वाजायला लागली असं समजा. चिप पॉवर देतेय पण अँटेना ती घेत नाही, परत पाठवते.

हा झाला पहिला तोटा. दुसरा मोठा आहे. जी पॉवर बाहेर पडते त्यातली बरीचशी मनगटच पिऊन टाकतं, कारण खारट पाणी वीज वाहतं आणि तिची उष्णता करतं. आणि तिसरा म्हणजे सावली. २.४५ ला स्नायूत साधारण सव्वादोन सेंटीमीटर आत गेलं की लहरीचा जोर ३७ टक्क्यांवर येतो, पुढच्या सव्वादोनला परत त्याच्या ३७ टक्के. आजींचं पोट नि पाठ मिळून वीसेक सेंटीमीटर धरा, आरपार काहीच जात नाही. त्या वाकल्या की हात पुढे, अंग मधे, ईएसपी मागे. जे काही पोचतं ते अंगाला वळसा घालून नाहीतर समोरच्या भिंतीवर आपटून परत येऊन.

आता तुमचे आकडे बघा, -७२ ची -८७ म्हणजे १५ डीबी गेले, पॉवरचा तिसावा भाग उरला. त्यावर सावलीचे वीसेक डीबी गेले तर -१०७, आणि असे रिसीव्हर -९५, -९७ च्या आसपास ऐकणं सोडतात. हिशोब जुळतो.

रेडिओकाका (इंदूर)

वा, फार दिवसांनी मनासारखा धागा आला. आमच्या पिढीला हे सगळं पुस्तक न वाचता माहीत होतं. क्रिकेटची मॅच चालू असताना टीव्हीच्या दोन काड्यांच्या अँटेनाला हात लावला की चित्र स्वच्छ, हात सोडला की मुंग्या. मग एका मुलाला तिथेच उभं करायचं! त्याचं कारण असं की दूरदर्शनचे तेव्हाचे खालचे चॅनल आणि एफएम हे पन्नास ते शंभर मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, तिथे तरंगलांबी तीन ते सहा मीटर, आणि पाच-साडेपाच फुटी माणूस म्हणजे त्या लहरीचा साधारण अर्धा किंवा पाव भाग. माणूस स्वतःच चांगला अँटेना होतो. साधारण ७०-८० मेगाहर्ट्झला उभं शरीर सगळ्यात जास्त लहर गोळा करतं.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, हातातल्या सेटवर १४५ मेगाहर्ट्झला बोलतो. सेटवरची बुटकी रबरी अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना, दुसरी अर्धी म्हणजे सेटची बॉडी आणि तो धरणारा हात. म्हणून सेट हातात धरून डोक्याइतका वर नेला तर बोलणं होतं आणि तोच कमरेला अडकवला तर समोरचा म्हणतो ऐकू येत नाही. बेटा, शरीर फक्त खातच नाही, ते अँटेनाचा भाग होतं. कधी मदत करतं, कधी घात. तुझ्या फ्रिक्वेन्सीला मात्र बहुतेक घातच.

मैदानफेरी (इंदूर)

हे वाचून माझं एक कोडं सुटलं! मी रोज सकाळी नेहरू स्टेडियमला चालतो, फोन उजव्या मागच्या खिशात, कानात ब्लूटूथ इयरफोन आणि गाणं सारखं तुटतं, विशेषतः डाव्या कानातलं. घरात तोच फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तरी तुटत नाही. मला वाटायचं मैदानात कुठला जॅमर-बिमर आहे.

तरंगलांबी

मैदानफेरी, अगदी हेच. घरात भिंती, छत, कपाट यांच्यावरून लहरी परतून येतात, म्हणून अंगाच्या सावलीतही काहीतरी पोचतं. उघड्या मैदानात परतवणारं काही नाही, फक्त जमीन. त्यामुळे सावली खरी गडद पडते. फोन पुढच्या खिशात किंवा दंडावर बांधा, आणि ज्या बाजूचा इयरफोन फोनशी थेट बोलतो त्या बाजूला ठेवा, फरक लगेच कळेल. डोकंही आडवं येतं, म्हणून काही श्रवणयंत्रं या कानातून त्या कानात बोलताना ब्लूटूथ वापरतच नाहीत, १० मेगाहर्ट्झच्या आसपास जवळचं चुंबकीय क्षेत्र वापरतात. शरीर चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ अडवत नाही.

माईसाहेब (ग्वाल्हेर)

मला यातलं फार कळत नाही पण एक काळजी वाटली. शरीर पॉवर पिऊन टाकतं म्हणालात, म्हणजे ती आजीच्या हातात जाते ना? चोवीस तास बांधून ठेवायचं, मायक्रोवेव्ह ओव्हन पण २.४५ वरच चालतो असं ऐकलंय. आजीला काही होणार तर नाही?

तरंगलांबी

माई, विचारलंत ते बरं केलंत. ओव्हन सातशे-आठशे वॅटचा, तेही बंद लोखंडी पेटीत कोंडलेला. हे बटण एक ते अडीच मिलिवॅट, मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग, आणि तेही सेकंदातून एकदा, मिलिसेकंदाच्या आसपास. सरासरी काढली तर मिलिवॅटचाही काही हजारावा भाग. भारतात मोबाईलसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे, शरीराच्या कोणत्याही एक ग्रॅम भागात किलोमागे १.६ वॅटपेक्षा जास्त शोषण नको. हे बटण त्याच्या जवळपासही जात नाही. आजींना हाताला ऊब वाटलीच तर ती पट्ट्याची असेल, लहरींची नाही. फक्त एक विचारतो, आजींना पेसमेकर आहे का? असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका, आणि चुंबकाने चिकटणारी बॅज-क्लिप तर अजिबात नको.

आजीची_नात

पेसमेकर नाहीये. माई, तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या आईलाही उत्तर मिळालं, ती हेच म्हणत होती.

तरंगलांबीदादा, मग मी ट्यूनिंग बदलू का? कॉलेजमधल्या एका मैत्रिणीकडे नॅनोव्हीएनए आहे, ३ गिगाहर्ट्झवाला, म्हणजे अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळते ते दाखवणारं छोटं यंत्र. अँटेनाशेजारचे कॅपॅसिटर-इंडक्टर बदलून हातावर असताना २४५० ला आणते.

तरंगलांबी

आणा, पण एक सापळा सांगतो, यात मी स्वतः दोन महिने घालवलेत. व्हीएनएवर तुम्ही एस११ बघाल, किती पॉवर परत आली ते. बटण हातावर दाबून धरलं की रेघ रुंद आणि खोल दिसेल, आणि तुम्हाला वाटेल जमलं. पण एस११ फक्त एवढंच सांगतो की पॉवर परत आली नाही, ती कुठे गेली ते सांगत नाही. पन्नास ओहमचा रेझिस्टर लावलात तर एस११ अप्रतिम दिसतो आणि बाहेर शून्य जातं. शरीर म्हणजे तसाच रेझिस्टर. म्हणून ट्यूनिंगनंतर खरी परीक्षा सिग्नलच्या आकड्यानेच करा.

आणि दर वेळी आजींना बसवून ठेवू नका. अर्ध्या लिटरची दुधाची थैली घ्या. दूध म्हणजे ८७ टक्के पाणी, आपल्या कामापुरता तो हातच. लॅबमध्ये यासाठी पाणी, साखर, मीठ घालून द्रव बनवायचे, पाण्याची परमिटिव्हिटी ७८ च्या आसपास असते ती साखरेने खाली येते आणि मिठाने वहन वाढतं. दुधाची थैली तेवढी अचूक नाही, पण थैलीवर जे मरतं ते मनगटावरही मरेल. थैलीवर बटण ठेवा आणि मधे थर्माकोलचे तुकडे घालत जा, १ मिलिमीटर, ३, ५, १०, आणि प्रत्येक वेळी आकडा लिहा.

आजीची_नात

केलं! काल रात्री अकरापर्यंत करत होते. ईएसपी माजघरात, थैली अंगणातल्या स्टुलावर. थैलीला चिकटून -८९. पोहे येतात त्या पुठ्ठ्याची एक पट्टी, साधारण १ मिलिमीटर, -८५. ३ मिलिमीटरला -८०. ५ ला -७७, आणि १० ला -७४. त्यापुढे १५ केलं तर एखादा डीबी मिळाला. म्हणजे सगळा खेळ पहिल्या पाच-सहा मिलिमीटरमध्येच आहे. मला वाटलं होतं हळूहळू फरक पडेल, हे तर कड्यावरून चढल्यासारखं आहे.

मग सकाळी डबीखाली जुन्या स्लीपरचा फोम कापून ६ मिलिमीटरचा थर लावला आणि आजीला बांधलं, मोठ्या अपेक्षेने. -८४. थैलीवर एवढ्या अंतराला -७६ येत होतं. आठ डीबी कुठे गेले? थैली परत मोजली, बरोबर. माझ्या हातावर बांधलं तर -७७. आजीच्या हातावर परत -८४. अर्धा तास डोकं धरून बसले आणि मग दिसलं. आजीच्या हातात दोन सोन्याच्या पाटल्या आहेत, लग्नात घातलेल्या, आणि बटण त्यांना अगदी खेटून बसतं. माझ्या हातावर आईची बांगडी घालून बघितली, -८३! काचेच्या हिरव्या बांगड्या घातल्या तर मात्र काहीही फरक नाही.

रेडिओकाका

शाब्बास बेटा. धातूचं बंद कडं म्हणजे अँटेनाच्या शेजारी दुसरी न बोलावलेली अँटेना. ते लहर पकडतं, स्वतः वाजतं, आणि तुझ्या अँटेनाचा सूर बिघडवतं. काच वीज वाहत नाही, तिचं काही नाही.

आजीची_नात

आता पंचाईत अशी की आजी पाटल्या काढणार नाही. मी विचारलंही नाही खरं तर, कारण आजोबा गेले तेव्हाही लोकांनी सांगितलं काढ, तिने काढल्या नाहीत. दुसऱ्या हातातही तशीच जोडी आहे. गळ्यात लॉकेटसारखं घालावं तर छातीवर चिकटतं आणि वाकली की अंगाखाली जातं. कमरेला तर रेडिओकाका म्हणाले तसंच होणार.

जीरावन

भिया लोक, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आपल्याकडे लायसन्स-फ्री आहे ना, तिथे चालणारा लांब पल्ल्याचा रेडिओ, लोरा, वापरला तर? फ्रिक्वेन्सी कमी म्हणजे अंगात जास्त आत जाते असं वाचलं.

तरंगलांबी

जाते, आणि वळसाही चांगला घालते. पण तिथे तरंगलांबी ३४-३५ सेंटीमीटर, पाव लहरीची तार साडेआठ सेंटीमीटर. एवढ्याशा डबीत ती कोंबली की अँटेना आधीच अपंग, वर शरीर शेजारी. शेतात एक किलोमीटर जायचं असतं तर मी लोराच म्हटलं असतं. पंधरा मीटरच्या अंगणासाठी २.४ ठेवा आणि दोन गोष्टी करा, बटणाची जागा बदला आणि दुसरा ईएसपी समोरच्या बाजूला लावा. एका शरीराची सावली एकाच वेळी दोन्हीकडे पडू शकत नाही.

जागेबद्दल, अंगावर सगळ्यात चांगली जागा खांदा. उंच, पुढून मागून दोन्हीकडून दिसणारी, आणि खाली हाडाचा भाग. पण खांद्यावर बटण टिकणार कसं ते मला सांगता येत नाही.

सुईदोरा (इंदूर)

ते मी सांगते. मी ब्लाऊज शिवते, चाळीस वर्षं झाली. आजी साडी नेसतात ना? डाव्या खांद्यावर पदराच्या निऱ्या घालून पिन लावतात, तिथे पाच-सहा निऱ्या एकावर एक, शिवाय खाली ब्लाऊजचा कपडा नि अस्तर. सुती साडी असेल तर तो थर बोटाएवढा होतो. तुम्ही फोम शोधताय, तो आजींच्या खांद्यावर आयताच आहे. डबीला मागून कापडी पट्टी शिवा आणि ती पदराच्या पिनेतच ओवा. आजींना पिन लावायची सवय असतेच, वेगळं काही आठवणीत ठेवावं लागणार नाही.

तरंगलांबी

सुईदोराताई, हे मला वीस वर्षांत सुचलं नसतं. कोरड्या सुती कापडाची परमिटिव्हिटी दीड-दोन, म्हणजे जवळजवळ हवाच. फक्त दोन सूचना. घामाने किंवा पाण्याने कापड भिजलं की ते परत शरीरासारखं वागायला लागतं, तेव्हा न्हाणीघरातून आल्यावर बघा. आणि जरीचा काठ बटणाखाली नको.

सुईदोरा

आताची बरीच जर प्लास्टिकवर मुलामा दिलेली असते, जुन्या साड्यांत चांदीच्या तारेची. फरक पडतो का?

आजीची_नात

बघितलं. मल्टिमीटर लावला, आजीच्या जुन्या महेश्वरीच्या काठाला बीप आला, माझ्या नवीन साडीच्या काठाला नाही आला. पण बटण ठेवलं तर दोन्हीवर सिग्नल पडला, जुन्या काठावर ९ डीबी आणि नव्यावर ४.

तरंगलांबी

कारण मल्टिमीटरचं टोक वरच्या लॅकरवर थांबतं, लहर थांबत नाही, खालच्या पातळ धातूपर्यंत पोचते. सणासुदीला आजी काठाची साडी नेसतील तेव्हा बटण काठापासून चार बोटं आत, एवढं ठरवून टाका.

आजीची_नात

आज दहा दिवस झाले म्हणून सविस्तर लिहितेय. बटण खांद्यावर, पदराच्या निऱ्यांवर, सुईदोराताईंनी स्वतः घरी येऊन पट्टी शिवून दिली, पैसे घेतले नाहीत. अँटेनाची सर्किट मैत्रिणीकडे जाऊन निऱ्यांच्या चार थरांवर ठेवून ट्यून केली, हवेत नाही. एक ईएसपी माजघरात, दुसरा न्हाणीघराच्या खिडकीत. तुळशीपाशी घराकडे पाठ केली तर माजघराला -८८ आणि न्हाणीघराला -६१. घराकडे तोंड केलं की माजघराला -७४. एकाच वेळी दोन्ही गप्प असं दहा दिवसांत एकदाही झालं नाही.

मग मी आजीची साडी नेसून, बटण लावून, ती पडली होती तिथेच फरशीवर डाव्या कुशीवर आडवी झाले, म्हणजे बटण अंगाखाली. मार्चपासून हीच परीक्षा मला घ्यायची होती. माजघर बंद. न्हाणीघर -९१, पाच पॅकेटांतलं एखादं हुकतंय पण दाबल्यावर दोन सेकंदांत घंटा वाजली. म्हणून आता दाबल्यानंतर पॅकेट सेकंदाला दहा वेळा जातं, अर्धा मिनिटभर. रात्री आजी गाऊन घालते, पिन नसते, तेव्हा तेच बटण उशीशेजारच्या खुंटीला आणि तिसरा ईएसपी पलंगाखाली.

जीरावन

ताई, माझे बाबा एकटे असतात, शर्ट-पायजमा घालतात, पदर नाही. त्यांचं कुठे लावू?

आजीची_नात

दादा, शर्टाच्या कॉलरच्या मागे, मानेखालच्या दुहेरी पट्टीवर लावून बघा, खिशात नको, तिथे पेन नि चिल्लर असते. आणि आधी दुधाच्या थैलीवर मोजा. रविवारी रामबागेत या, डबी नि पट्टी दोन्ही दाखवते, सुईदोराताईही येणार आहेत.